गार्ड कुणी काढलं?

अपघातांच्या रजिस्टरमध्ये एक रकाना असतो, 'अपघाताचे कारण'. आमच्या गाळ्यातल्या रजिस्टरमध्ये १९८९ पासून २०१६ पर्यंत या रकान्यात जवळपास प्रत्येक नोंदीपुढे एकच शब्द आहे : निष्काळजीपणा. आधीच्या नोंदी अण्णांच्या अक्षरातल्या, २००७ नंतरच्या माझ्या. २०१६ च्या एका नोंदीत मी तो शब्द लिहून खोडलेला आहे. त्या खाडाखोडीबद्दल बरीच वर्षं लिहायचं मनात होतं.

भोसरी एमआयडीसीत आमचं प्रेस शॉप आहे. पत्र्याचे छोटे पार्ट करतो आम्ही : ब्रॅकेट, क्लॅम्प, वॉशर. गाडी कंपनीला जे माल देतात, त्यांना आम्ही माल देतो. म्हणजे साखळीत खालच्या पायरीवर. अकरा पॉवर प्रेस, सगळ्यात मोठा १०० टनांचा. माणसं ३४. अण्णांनी दोन प्रेसवर सुरू केलं होतं, तेही भाड्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये, गवळी माथ्याजवळ. त्यांच्या डाव्या करंगळीचं टोक नव्हतं. लहानपणी आम्ही त्या बोटाला हात लावून बघायचो आणि ते सांगायचे, 'प्रेसवाल्याची ओळख आहे ही.' मी ते वाक्य कौतुकाने ऐकत मोठी झाले. आज ते आठवलं की पोटात ढवळतं.

मार्च २०१६. आर्थिक वर्षाची अखेर, कंपनीचा माल मागे पडलेला. बारा-बारा तासांच्या दोन पाळ्या चालवत होतो. तेव्हाच्या कायद्याने दिवसाला नऊ तास आणि त्यापुढच्या तासांना दुप्पट दर. ओव्हरटाईमचे पैसे आम्ही देत होतो, त्यामुळे आपलं सगळं ठीक आहे असं मला वाटत होतं. ४ मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिन झाला. १९६६ साली याच तारखेला राष्ट्रीय सुरक्षा परिषद स्थापन झाली, म्हणून तो पाळतात. आम्हीही बिल्ले लावले, उभं राहून शपथ घेतली. त्यानंतर बाराव्या दिवशी पहाटे पावणेपाचला फोन आला. 'ताई, प्रेसवर लागलंय. लवकर या.'

बावीस वर्षांचा मुलगा, लातूरकडचा. ठेकेदारामार्फत आलेला. ६३ टनांच्या प्रेसवर ब्रॅकेटचं बेंडिंग करत होता. उजव्या हाताच्या तर्जनीची वरची दोन पेरं गेली. त्याचं नाव इथे लिहीत नाही.

मी पोहोचले तेव्हा तो बाकावर बसलेला होता, हाताला कुणाचा तरी टॉवेल गुंडाळलेला. रडत नव्हता. 'ताई, डबल आली,' एवढंच म्हणाला.

'डबल' म्हणजे काय ते प्रेस शॉपबाहेरच्या माणसाला कळणार नाही, म्हणून सांगते. आमच्याकडचे जुने मेकॅनिकल प्रेस की-क्लचचे असतात. मोटरवर एक जड चाक, फ्लायव्हील, सतत फिरत असतं. पायाने पॅडल दाबलं की एक 'की', म्हणजे लोखंडी खिट्टी, फिरून शाफ्टला फ्लायव्हीलशी जोडते, रॅम, म्हणजे वरचा ठोकणारा भाग, खाली येतो, पार्टवर ठोका बसतो, रॅम वर जातो आणि की सुटते. एकदा पॅडल, एकदा ठोका. पण ही की झिजली किंवा तिची स्प्रिंग तुटली, तर ती सुटत नाही. पाय पॅडलवर नसतानाही रॅम दुसऱ्यांदा खाली येतो. कामगार तोपर्यंत पार्ट काढायला हात डायमध्ये, म्हणजे साच्यात, घालून बसलेला असतो. त्याने काहीही चुकीचं केलेलं नसतं.

त्या रात्री स्प्रिंग तुटली होती. सकाळी डाय चढवणाऱ्या सेटरने ती हातावर ठेवून दाखवली, दोन तुकडे.

आता गार्ड. त्या प्रेसला गार्ड होतं. इंटरलॉकचं होतं : पुढची जाळी खाली आल्याशिवाय पॅडल दाबलंच जात नाही, आणि शाफ्ट पूर्ण वर येऊन थांबल्याशिवाय जाळी उघडत नाही. ते गार्ड लावलेलं असतं तर डबल येऊनही बोट वाचलं असतं, कारण डबल येते त्या क्षणी हात आत जाऊच शकत नाही. पण गार्ड प्रेसच्या मागे भिंतीला टेकवून ठेवलेलं होतं. त्यावर धूळ बसली होती. तीन आठवड्यांची.

रजिस्टर उघडून मी सवयीने 'निष्काळजीपणा' लिहिलं. मग आठवलं. तीन आठवड्यांपूर्वी सेटर केबिनमध्ये आला होता. 'ताई, गार्ड असलं की तासाला अडीचशे निघतात. काढलं तर चारशेपर्यंत जातील.' मी फोनवर होते, कंपनीचा परचेसवाला डेबिट नोटच्या, म्हणजे उशिराबद्दल बिलातून पैसे कापण्याच्या, गोष्टी करत होता. मी फोनवर हात ठेवून म्हणाले होते, 'काढा चार दिवस.' एवढंच. तीन शब्द. मी विसरूनही गेले होते.

मी खोडलं आणि त्याच्या पुढे लिहिलं, 'स्प्रिंग तुटली. गार्ड मालकांच्या सांगण्यावरून काढलेले होते.' फॅक्टरी इन्स्पेक्टरने पुढे ती नोंद वाचली, वर माझ्याकडे पाहिलं आणि काही बोलले नाहीत. केस झाली, मी कोर्टात गुन्हा कबूल केला, दंड भरला. काही ओळखीच्यांनी सांगितलं होतं, 'असं कुणी लिहितं का?' मला वाटतं, लिहायला हवं. कारण खरं कारण कागदावर आलं नाही तर पुढच्या वेळी दुरुस्त काय करणार? 'कामगाराला समज दिली' एवढीच दुरुस्ती होते. सत्तावीस वर्षांच्या रजिस्टरमध्ये तीच आहे.

आणखी एक चूक त्या पहाटे झाली. कुणीतरी चहाच्या टपरीवरून बर्फ आणला आणि तुटलेला भाग थेट बर्फात ठेवला. हेतू चांगला होता. पण बर्फाचा थेट स्पर्श झाला की मांस गोठून मरतं. तो भाग स्वच्छ, सलाईनने किंचित ओल्या केलेल्या गॉजमध्ये गुंडाळायचा, कोरड्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून पिशवीचं तोंड बंद करायचं आणि मग ती पिशवी बर्फाच्या पाण्यावर ठेवायची. सर्जनने सांगितलं, चेंगरल्यामुळे जोडणं असंही कठीणच होतं. तरी ते मला लागलं. कारखाने अधिनियमात दर १५० माणसांमागे किमान एक प्रथमोपचार पेटी आणि तिच्यासाठी शिकलेला माणूस हवा असं लिहिलेलं होतं. आमची पेटी होती. किल्ली दिवसपाळीच्या स्टोअरकीपरच्या खिशात, आणि तो घरी झोपलेला.

मग इएसआयचा, म्हणजे कामगारांच्या सरकारी विम्याचा विषय. मुलगा येऊन नऊ दिवस झाले होते आणि ठेकेदाराने त्याची नोंदणी केलेली नव्हती. ठेकेदार म्हणाला, 'दहा दिवसांची मुदत असते.' खरं आहे, नोंदणीला दहा दिवस असतात. पण नोकरीतल्या इजेसाठी विमा पहिल्या दिवसापासून लागू असतो, आणि ठेकेदाराच्या माणसाची वर्गणी भरली गेली की नाही याला मूळ मालक जबाबदार असतो. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मी समजत होते ठेकेदाराचा माणूस म्हणजे ठेकेदाराची जबाबदारी. प्रेस माझा, डाय माझी, वीज माझी, माल माझा. फक्त माणूस तेवढा दुसऱ्याचा, असं कसं असेल? त्या दिवशी सकाळी आमच्या अकाउंटंटने नोंदणी केली, २४ तासांच्या आत अपघाताचा अहवाल पाठवला, आणि पुढचे चार महिने मी स्वतः चिंचवडच्या मोहननगरला, इएसआय रुग्णालयात, खेटे घातले.

त्या खेट्यांमध्ये एक तक्ता माझ्या हातात आला. १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत प्रत्येक बोटाची, प्रत्येक पेराची टक्केवारी दिलेली होती. अंगठा ३० टक्के. तर्जनी पूर्ण गेली तर १४, दोन पेरं गेली तर ११, एक गेलं तर ९. करंगळीचं एक पेर, ५. म्हणजे माणसाची कमावण्याची ताकद तेवढी कमी झाली असं धरायचं. इएसआयचं वैद्यकीय मंडळही अशाच तक्त्यावरून टक्केवारी ठरवतं. आता हिशोब करा. समजा पगार १५,००० रुपये, म्हणजे दिवसाचे ५००. त्याच्या ९० टक्के ४५०. त्याचे ११ टक्के ४९ रुपये ५० पैसे. तर्जनीच्या दोन पेरांपोटी दिवसाला पन्नास रुपयांच्या आत पेन्शन, जन्मभर. मी हे इएसआयच्या विरोधात लिहीत नाही. पेन्शन जन्मभर मिळतं, ही फार मोठी गोष्ट आहे, आणि नोंदणी न करणारा मालक त्या माणसाकडून तेवढंही हिसकावून घेतो. पण तो आकडा काढल्यावर मला रात्री झोप लागली नाही. तासाला दीडशे नग जास्त निघावेत म्हणून मी गार्ड काढायला सांगितलं होतं.

कायद्याचं पुस्तक मी त्यानंतर पहिल्यांदा नीट वाचलं. डिप्लोमाला मशीन डिझाईन शिकले होते, धंद्यात व्हॅट-आयएसओ सगळं शिकले, पण १९४८ चा कारखाने अधिनियम कपाटात पडलेला होता. त्यात 'भोगवटादार' असा शब्द होता. कारखान्यावर ज्याचा अंतिम ताबा तो. भागीदारी असेल तर भागीदार, कंपनी असेल तर संचालक. मॅनेजर नाही, सुपरवायझर नाही, ठेकेदार तर नाहीच. कलम ७-अ त्याच्यावर सरळ जबाबदारी टाकत होतं : मशीन सुरक्षित ठेवायचं, कामाची पद्धत सुरक्षित ठेवायची, माहिती द्यायची, शिकवायचं, देखरेख करायची. हे कलम १९८७ च्या दुरुस्तीने आलं, भोपाळनंतर. भोपाळला हजारो माणसं गेली तेव्हा कुठे कायद्याने मालकाकडे बोट दाखवून हे स्पष्ट लिहिलं. कलम २१ तर त्याच्याही आधीपासून सांगत होतं की मशीनच्या धोकादायक भागाला भक्कम आवरण हवं आणि मशीन चालू असताना ते जागेवरच हवं. 'डिस्पॅच बाकी नसेल तर' असं त्यात कुठेही नव्हतं.

सेफ्टी ऑफिसर नेमण्याची सक्ती या कायद्यात हजार कामगारांपासून होती. २०२५ मध्ये त्याच्या जागी आलेल्या नव्या श्रम संहितेत ती साध्या कारखान्याला पाचशेपासून आणि धोकादायक कामाला अडीचशेपासून आहे. भोसरी-चाकणच्या बहुतेक गाळ्यांमध्ये वीस-पंचवीस-चाळीस माणसं असतात. म्हणजे आमच्याकडे सेफ्टी ऑफिसर कधीच येणार नाही. आमच्याकडे तो मालकच असतो, त्याला माहीत असो वा नसो.

अपघातानंतर आठवड्याभरात लाईट कर्टन विकणारा एक सेल्समन आला. हा भाग मी मुद्दाम सविस्तर लिहिते आहे, कारण माझ्या ओळखीच्या किमान चार गाळ्यांत ही चूक झालेली पाहिली आहे. लाईट कर्टन म्हणजे डायसमोर प्रकाशाच्या किरणांचा पडदा. हात आत गेला की मशीन थांबतं. ऐकायला उत्तम. पण की-क्लचचा प्रेस एकदा सुटला की अर्ध्यात थांबतच नाही, त्याला एक फेरी पूर्ण करावीच लागते. मग सेन्सरने हात पाहिला तरी थांबवणार काय? हा पडदा न्यूमॅटिक, म्हणजे हवेच्या दाबावरच्या, क्लच-ब्रेकच्या प्रेसवर उपयोगी, कारण तिथे रॅम मधेच थांबू शकतो. की-क्लचवर तो लावला तर कामगाराला खोटा भरवसा मिळतो आणि तो बिनधास्त हात घालतो. दोन हातांच्या बटणांचंही तसंच : डबल येते तेव्हा हात बटणांवरून कधीच निघालेले असतात. जुन्या प्रेसला मुख्यतः दोन गोष्टी वाचवतात. पक्की जाळी, जिच्यातून पट्टी जाईल पण बोट जाणार नाही. किंवा क्लचशी जोडलेलं इंटरलॉक गार्ड.

आम्ही एकेक डाय घेऊन बसलो. पट्टीवरून ब्लँकिंग करतो, म्हणजे पत्र्याच्या पट्टीतून तुकडे कापतो, त्या पाच प्रेसना पक्की जाळी, फट सहा मिलिमीटर. फॅब्रिकेशनवाल्याने एकेक साडेसहा हजारांत करून दिली. सुटे पार्ट हाताने ठेवायचे त्या कामांना जास्त डोकं लागलं. तीन डायना ड्रॉवरसारखी सरकती प्लेट केली : पार्ट बाहेर ठेवायचा, प्लेट आत ढकलायची. दोन डायची उघडझाप इतकी कमी केली की बोट शिरतच नाही. सगळ्या पॅडलवर लोखंडी झाकण आलं, वरून काही पडून किंवा चुकून पाय पडून ठोका बसू नये म्हणून. डाय चढवताना रॅमखाली टेकू, आणि मोटर बंद केल्यावर फ्लायव्हील पूर्ण थांबेपर्यंत कुणी हात लावायचा नाही. मोटर बंद म्हणजे मशीन बंद, असं नसतं. ते चाक बराच वेळ फिरत राहतं. स्प्रिंग आणि की दर गुरुवारी सुट्टीच्या दिवशी तपासायची, आणि स्प्रिंग तुटायची वाट न पाहता ठरलेल्या तारखेला बदलायची. त्या स्प्रिंगची किंमत लिहीत नाही. लिहिताना हात अडतो.

यातलं काहीही टिकलं नसतं, जर नगावरचा बोनस ठेवला असता. तो मी बंद केला. अमुक नगांच्या वर प्रत्येक नगाला इतके पैसे, असं होतं तेव्हा गार्ड काढायला सांगायला मालकही लागत नसे, गरज सांगायची. आता पगार ठरलेला आहे, आणि बोनस सगळ्यांना सारखा. उत्पादन पडलं का? पहिले चार महिने पडलं, बऱ्यापैकी. मग सरकत्या प्लेटवर हात बसला तसं सावरलं. तासाला चारशे पुन्हा कधी निघाले नाहीत, तीनशे वीस-तीस निघतात.

त्या फरकाचे पैसे कुठून येतात, हे मला कंपन्यांच्या लोकांना विचारायचं आहे. दरवर्षी नगामागे पैसे कमी करा म्हणून मेल येतो. ऑडिटला येतात ते हेल्मेट-बूट बघतात, फलकाचे फोटो काढतात. दर ठरवताना गार्डसह तासाला किती नग निघतील, हे आजवर एकाच खरेदीदाराने विचारलं आहे. सेफ इन इंडिया ही संस्था मानेसर-गुरुग्रामच्या भागातून हेच सांगत आली आहे की बोटं जातात ती गाडी कंपन्यांच्या खालच्या पुरवठादारांकडे, आणि मोठ्यांनी तिकडे पाहायला हवं. त्यांच्या अहवालांत महाराष्ट्रही आहे. खालच्या गाळ्याची मालकीण म्हणून मी त्याला दुजोरा देते. पण त्याने माझी जबाबदारी कमी होत नाही. न परवडणारा दर मी घेतला, तर तो कुणाच्या तरी हाताने फेडला जाणार हे मला कळत असतं.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राने चारही श्रम संहिता लागू केल्या. व्यवसायविषयक सुरक्षा आणि आरोग्याच्या संहितेत मालकासाठी काही गोष्टी ठळक आहेत. प्रत्येकाला नेमणूकपत्र. ठरलेल्या वयाच्या कामगारांची दरवर्षी मोफत तपासणी. सुरक्षेसाठी केलेल्या कशाचेही पैसे कामगाराकडून घ्यायचे नाहीत. हे शेवटचं जुन्या कायद्यातही कलम ११४ मध्ये होतं, तरी बुटांचे पैसे पगारातून कापणारे गाळे मी आजही पाहते. मालकाच्या कसुरीने गंभीर इजा झाली तर जुन्या कायद्यात दंड किमान ५,००० रुपये होता, नव्यात तो दोन ते चार लाखांचा आहे, वर एक वर्षापर्यंत कैदही होऊ शकते. आणि दंडातली निम्मी किंवा अधिक रक्कम जखमी माणसाला द्यायला कोर्ट सांगू शकतं. मला ही तरतूद मनापासून पटते. मी भरलेल्या दंडातला एक रुपयाही त्या मुलाला गेला नव्हता.

तो मुलगा वर्षभराने परत आला. प्रेसवर नाही बसणार म्हणाला, आणि मी बसवलंही नसतं. आता तो फायनल इन्स्पेक्शनला आहे. व्हर्निअर मधल्या बोटाने आणि अंगठ्याने धरतो. नव्या माणसाला पहिल्या दिवशी मशीन दाखवायचं काम त्याने स्वतः मागून घेतलं. मी त्याला एकदा विचारलं, हात दाखवून त्यांना भीती घालतोस का? तो म्हणाला, 'नाही ताई. स्प्रिंग दाखवतो.' तुटलेले ते दोन तुकडे त्याने जपून ठेवलेत, हे मला तेव्हा कळलं.

परवा रात्री साडेअकराला फोन वाजला. रात्रपाळीचा ऑपरेटर, येऊन जेमतेम दोन महिने झालेला. अजूनही रात्रीचा फोन आला की माझे हात गार पडतात.

'ताई, सात नंबरवर डबल आली. गार्ड होतं, कुणाला काही नाही. मशीन बंद करून टॅग लावलाय. सकाळचा माल पूर्ण होणार नाही.'

'बरं केलंस,' मी म्हणाले. 'सगळे ठीक ना?'

'ठीक आहेत.'

सकाळी टेम्पो अर्धा रिकामा गेला. कंपनीकडून मेल आलाय, डेबिट नोट येईल. सेटरने सात नंबरचा क्लच खोलला; की कडेला झिजली होती. आज दुपारी नवी की बसली. डाय न चढवता शंभर ठोके रिकामे मारून पाहिले, मी बाजूला उभी राहून मोजले. शंभरला शंभर. मग डाय चढली, मग गार्ड, आणि मग पॅडलवरचं कुलूप काढलं.